एअर फिल्टरच्या डब्यात

उंदराच्या मुताचा वास मोकळ्या जागेत फार नसतो. कणगीमागे, माळ्यावर, सोसायटीच्या जिन्याखाली तो सगळ्यांनीच कधी ना कधी घेतलेला असतो आणि नाक वळवून पुढे गेलेलं असतं. पण बंद डब्यात वर्षानुवर्षं कोंडलेला, खालून इंजिनाने शेकलेला आणि वाळक्या जवळ्याच्या वासात मुरलेला तोच वास वेगळा असतो. तो मी एकोणिसाव्या वर्षी घेतला. त्यानंतर मी मुलांचं हगणं-मुतणं काढलं, सासऱ्यांच्या पाठीच्या जखमा धुतल्या, तुंबलेल्या मोरीत कोपरापर्यंत हात घातला, पण कधी ओकारी आली नाही. माझ्या वाट्याची सगळी ओकारी कळंबच्या आमच्या अंगणात एका रविवारी सकाळी होऊन गेली. ती सगळी उंदरांमुळे होती असंही म्हणता येणार नाही.

आमच्या भागात तेव्हा एक पद्धतच पडली होती. रस्त्याकडेचं भाताचं खाचर रिसॉर्टवाल्याला गेलं, की सहा महिन्यांच्या आत दारात पांढरी, उंच, सात-आठ माणसांची डिझेल गाडी यायची. ती कुठे न्यायची हे कोणाला माहीत नसायचं, पण शेजाऱ्याकडे आली म्हणून आपल्याकडे यायची. आमच्याकडेही आली. तिच्यासाठी बाबांनी पत्र्याची शेड घातली, खाली फरशी बसवली. आई आणि मी त्या वेळी घराच्या मागे नारळाच्या झापांच्या आडोशाला अंघोळ करत होतो आणि आमच्या पायाखाली चिखल होता. मी हे एकदा बोलून दाखवलं तर बाबा म्हणाले, "गाडी काय मागं झापात ठेवू काय?" रोज सकाळी ते घसा खाकरत बाहेर यायचे, गाडी सुरू करायचे आणि दहा मिनिटं नुसती गुरगुरत ठेवायचे. आळीतल्या शेवटच्या घरापर्यंत आवाज गेला पाहिजे, एवढाच त्यामागचा हेतू. शेड स्वयंपाकघराच्या खिडकीला लागून होती. आत आई तव्यावर जवळा भाजत असायची, नाहीतर निखाऱ्यावर बोंबील. तांदळाच्या भाकरीच्या वाफेत डिझेलचा धूर आणि सुक्या मासळीचा वास मिसळून घरभर फिरायचा, कपड्यांत बसायचा. कॉलेजात माझ्या शेजारी बसणारी मुलगी नाकाला रुमाल लावायची. मी तिचा राग करत नसे. मलाही रुमाल लावावासा वाटायचा.

गाडी आली त्या दसऱ्याला बाबांनी भगताकडून ती बांधून घेतली. बांधून घेणं म्हणजे भगताने मंत्र घालून दिलेली लाल फडक्याची पुडी गाडीत ठेवायची. आत हळदीचे तांदूळ, सुपारी आणि खोबऱ्याचा तुकडा. पहिली पुडी दादाने बॉनेटखाली तारेने लटकवली, ती महिन्याभरात उष्णतेने करपली. भगत म्हणाला, गाडी जिथून श्वास घेते तिथं ठेवा, आन झाकून ठेवा. दादाने बॉनेट उघडून पाहिलं. त्याला एका बाजूला काळा, चौकोनी, झाकणाचा डबा दिसला. चार बाजूंना चार खटके. जेवणाच्या डब्यासारखा डबा, त्यामुळे दादाला तो वस्तू ठेवायलाच केलेला वाटला. त्यातून मोठा पाइप इंजिनाकडे जात होता, म्हणजे श्वासाचंही जमत होतं. त्याने नवी पुडी त्यात ठेवली, खटके लावले आणि बाबांनी हुकूम काढला, की यापुढे त्या डब्याला परक्याचा हात लागायचा नाही आणि बाईचा तर मुळीच नाही. पुढे दर दसऱ्याला एक पुडी वाढत गेली; भगताच्या वस्तूकडे बघायचं नाही म्हणून दादा मान फिरवून झाकण हातभर उचलायचा आणि ती आत सारायचा. जुनी काढायची कोणाची हिंमत नव्हती, कारण भगताची वस्तू टाकायची कुठे? त्यात आईने आपलं एक घातलं, जे मला पुष्कळ पुढे कळलं. आपल्या देवीला नुसतं खोबरं पुरत नाही अशी तिची समजूत. पुडी डब्यात जायच्या आधी ती गुपचूप तिची गाठ सोडायची आणि मूठभर जवळा आत सारायची.

मी आज माझ्या गाडीचा एअर फिल्टर घरीच बदलते. खटके काढायचे, झाकण उचलायचं, जुना फिल्टर बाहेर घ्यायचा, डबा ओल्या फडक्याने पुसून कोरडा करायचा, नवा बसवून त्याची रबरी कड चारी बाजूंनी नीट बसली का ते बोटाने चाचपायचं, खटके लावायचे. गॅसवर ठेवलेला चहा उतू जायच्या आत काम होतं. बायकांना हे जमतं का, असं मला अजून पुरुष विचारतात. मी त्यांना चहा देत नाही.

तर, सुनंदा वहिनी आमच्या घरात आली ती तिसऱ्या दसऱ्यानंतरच्या उन्हाळ्यात. माहेर लोधिवलीचं. उंच, सावळी, हाताला चपळ. बोलायची कमी, पण बोलली की माणूस जागेवर बसायचा. लग्नानंतर पाचव्या दिवशी नव्या सुनेला घेऊन सगळे एकविरेला निघालो. खोपोलीच्या पुढे घाट लागला आणि गाडीने दम टाकला. मागून काळा धूर, पुढे बैलगाडीचा वेग, ट्रकवाले शिव्या देत बाजूने चाललेले. अर्ध्या चढात गाडी थांबलीच. वहिनी हिरव्या चुड्यात, मळवट भरून मागच्या सीटवर बसलेली. बाबा खाली उतरले, चाकाला लाथ मारली आणि तिच्याकडे बघत आईला म्हणाले, "इतक्या वर्सात कदी थांबली नव्हती."

हे खोटं होतं. गाडी आदल्या पावसाळ्यापासूनच धापा टाकत होती. कर्जतच्या पुलाच्या चढावर दादा तिला पहिल्या गिअरमध्ये रडवत न्यायचा, हे मी शेजारी बसून पाहिलेलं. बाबांना माहीत होतं, दादाला माहीत होतं, आईला माहीत होतं. पण घाटातल्या त्या वाक्यानंतर सगळ्यांच्या डोक्यातून आदला पावसाळा पुसला गेला. त्या दिवसापासून गाडीचं दुखणं वहिनीच्या पायाने आलं. दूध नासलं तर दूध नासलं एवढंच, पण गाडीने धूर ओकला की आई भाकरी थापता थापता म्हणायची, "पायगुण बाय, दुसरं काय." वहिनी समोर बसून पीठ मळत असायची. तिची बोटं थांबायची नाहीत. दादा? दादा गाडी पुसत असायचा. त्याच्याकडे त्यासाठी तीन वेगवेगळी फडकी होती. बायकोची बाजू घ्यायला त्याच्याकडे एक वाक्य नव्हतं.

वर्षभर गाडी कर्जतला हमीदचाचांच्या गॅरेजात जात राहिली. हमीदचाचा बाबांचे शाळेपासूनचे दोस्त. मूळ अलिबागकडचे, पण दोन पिढ्या कर्जतात. त्यांनी डिझेल पंप खोलला, नॉझल साफ केले, सायलेन्सर उतरवून झटकला. मी कॉलेज सुटल्यावर एकदा बाबांबरोबर घरी जायला म्हणून तिथे थांबले होते. बाबा चहाला गेले तसे चाचा माझ्यापाशी आले. हात काळे, चश्मा कपाळावर.

"पोरी, तुझा बाप येडा आहे का?"

"असेल. का?"

"सगळी गाडी खोलली मी. एक डबा राहिला. तिथं हात लावू देत नाही, म्हणतो देवाचं आहे. अगं, माणसाचं नाक दाबून धरायचं आणि वर म्हणायचं पळ, पळ! किती पळेल?"

त्यांनी मला दुसऱ्या एका गाडीचा डबा उघडून दाखवला. खटका कुठे दाबायचा, कागदाच्या घड्यांचा फिल्टर कसा निघतो, तो पांढरा असायला हवा आणि मळला की कसा दिसतो. मग वर्तमानपत्रात गुंडाळलेला नवा फिल्टर माझ्या पिशवीत घातला आणि म्हणाले, "मी नाही दिला. तुला कर्जतच्या रस्त्यावर सापडला." तो फिल्टर तीन आठवडे माझ्या पेटीत कपड्यांखाली पडून होता. मी घाबरत होते. हे लिहिताना मला स्वतःचीही शिसारी येते, कारण त्या तीन आठवड्यांत वहिनीच्या जेवणाचं ताट घरचे शेवटी वाढायला लागले होते आणि गाडीत बसायची तिला बंदी झाली होती. सगळे गाडीने जायचे, ती मागून टेंपोने.

मग एका शनिवारी बाबांनी निकाल दिला. भगताला विचारून आले होते. "सुनंदाला चार दिवस म्हायेरी सोडू. गाडीला बरं वाटतं का बगू." आमच्या आळीतून अशी चार दिवसांसाठी एक बाई मी शाळेत असताना गेली होती. ती अजून यायची होती, आणि तिच्या नवऱ्याचं दुसरं लग्न होऊन मुलगा शाळेत जात होता. चार दिवसांचा अर्थ घरात सगळ्यांना कळला. वहिनीने ताटं उचलली, घासली, पालथी घातली. दादाने विचारलं, "उद्या किती वाजता निघायचं?" त्याने बापाला विचारलेला तो एकमेव प्रश्न.

रविवारी सकाळी बाबा आणि दादा गावकीच्या बैठकीला देवळात गेले. आई मागच्या अंगणात वाल सोलत होती. मी पेटीतून फिल्टर काढला, बाबांच्या खिशातून किल्ली काढलेली होतीच, आणि बॉनेट उघडलं. आवाज ऐकून वहिनी दारात आली. हातात बॅग, अर्धी भरलेली.

"काय करतेस गं?"

"तुझा पायगुण बघते."

"मार खाशील."

"मग तू बाजूला उभी राहा. एकीलाच पुरे."

ती बाजूला झाली नाही. बॅग उंबऱ्यावर ठेवून माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. तीन खटके निघाले, चौथा गंजला होता. तिने आत जाऊन उलथनं आणलं आणि एका झटक्यात तो उचकटला. मी झाकण उचललं.

पहिल्यांदा वास आला. मग काहीतरी हाललं. डबा काठोकाठ भरलेला होता. लाल फडक्यांच्या चिंध्या, कातरलेला कागद, भाताचा तूस, प्लास्टिकच्या दोऱ्या, आणि या सगळ्याचं लाळेने आणि मुताने लिंपलेलं एक गोल घरटं. त्यात पाच-सहा पिल्लं, बोटाएवढी, बिनकेसांची, आंधळी, एकमेकांवर वळवळत. त्यांच्याखाली एक मेलेला मोठा उंदीर, वाळून चपटा झालेला, कातडी भोकाभोकांची. लेंड्यांचा बोटभर थर. फिल्टर म्हणून जे काही होतं ते एका बाजूने पूर्ण कुरतडलेलं आणि उरलेलं काळं, चिकट, खरकट्या तव्याच्या बुडासारखं. कोपऱ्यात चौथी पुडी, सगळ्यांत मोठी, वहिनीच्या पायगुणावर उतारा म्हणून भगताने दिलेली, पोट फाटून पडली होती. बाहेरची हवा डब्यात घेणाऱ्या रबरी नळीच्या तोंडातून उंदीर आत आले होते आणि का येणार नाहीत? आम्ही त्यांना दर दसऱ्याला जेवण वाढत होतो.

मी वळून तुळशीच्या कडेला ओकले. वहिनी ओकली नाही. ती वाकून बघत होती, एखादं पत्र वाचावं तशी.

"शोभे, हे कदीपासूनचं असंल?"

"तू येण्याच्या खूप आधीपासूनचं."

"हां," ती म्हणाली. बस्स.

आम्ही अंगणात वर्तमानपत्र पसरलं आणि दोघींनी डबा उपसला. तिने हाताला प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या, मी चुलीतला चिमटा घेतला. एवढ्यात आई आली आणि किंचाळली. "अगं रांडंनो, बाईचा हात नाय लावायचा तिथं! बाटवलात देव!" ती धावत पुढे आली, वर्तमानपत्रापाशी थबकली आणि खाली बघत राहिली. लेंड्यांमध्ये सुका जवळा पसरला होता. वर्षं झाली तरी ओळखू येत होता. आईचा आवाज एकदम उतरला.

"ह्यो माजा जवळा," ती म्हणाली.

"तुझाच. उंदरांना आवडला," मी म्हटलं.

एरवी मी हसले असते. पण आईने पदर नाकाला लावला आणि नजर जवळ्यावरून वहिनीकडे गेली नाही. ती मुद्दाम गेली नाही. मी पुन्हा तुळशीच्या कडेला जाऊन ओकले. एका माणसाला वर्षभर ज्या गोष्टीसाठी कुरतडलं, ती गोष्ट समोर वर्तमानपत्रावर पडलेली आहे, आणि बघायचं फक्त मासळीकडे.

मी डबा फिनेलने पुसला, कोरडा केला. नळीच्या तोंडाला बारीक जाळीचा तुकडा तारेने बांधला, हमीदचाचांनी तेही सांगितलं होतं. नवा फिल्टर बसवला. तो इतका पांढरा होता की त्या डब्यात परका वाटत होता. वहिनीने कडा चाचपल्या. आम्ही खटके लावत असताना पुरुष परतले.

बाबांनी वर्तमानपत्र पाहिलं, उपरणं नाकाला लावलं. मी थोबाडीत बसेल म्हणून उभीच होते. पण त्यांनी गाडी सुरू केली, पायाने जोर दिला, इंजिन भरल्या गळ्याने ओरडलं आणि मागून धूर आला नाही. पुन्हा जोर दिला. धूर नाही. त्यांचा चेहरा लग्नात अक्षता पडल्यासारखा फुलला.

"उंदरानी घात केला रं," ते दादाला म्हणाले.

"आवाज बगा, बाबा! नवी गाडी वाटते."

"पन पुडी फाटली. भगताला विचाराया पायजे. नवी कुटं ठेवायची ते." मग आईकडे वळून, "चा ठेवाया सांग."

आईने जणू काही झालंच नाही अशा आवाजात हाक दिली, "सुनंदा, चा ठेव गं. आन ती घाण उचल."

सगळं इतकं सुरळीत झालं. वर्षभराचा दोष उंदरावर गेला, उंदीर वर्तमानपत्रात गेला, वर्तमानपत्र उचलायला सून होतीच. कोणी तिला एक शब्द म्हणाला नाही. मला तेव्हा बोलायला हवं होतं. मी बोलले नाही, कारण माझी बोलायची हिंमत बॉनेट उघडण्यात खर्च झाली होती. याला मी कारण म्हणते. सबब म्हणणारे चुकणार नाहीत.

वहिनी आत गेली. हात धुतल्याचा आवाज आला, बराच वेळ. मग ती बाहेर आली, साडी बदललेली, बॅग भरून चेन लावलेली. तिने चहा ठेवला नव्हता.

दादा हसला. "बॅग ठेव आत. आता जायाची गरज नाय."

"का?"

"गाडीचा दोष गेला ना."

"आन माजा?"

दादाने बाबांकडे पाहिलं. बाबांनी गाडीकडे पाहिलं.

"बारा वाजता सोडणार होता ना तुमी? सोडा," वहिनी म्हणाली. "गाडी धावते का बगायची हायेच तुमाला. मी बसते म्होरं. पायगुण पन बगून घ्या एकदाच."

कोणीतरी तिला थांबवेल असं मला वाटलं. आई म्हणाली, "अगं, जेवून तरी..." आणि वाक्य सोडून दिलं. बाबा म्हणाले, "जाऊन येऊ दे. चढावर टेष्ट पन होईल." मी मागच्या सीटवर बसले, कोणी बोलावलं नव्हतं तरी. वहिनी पहिल्यांदाच पुढे बसली, मांडीवर बॅग. कर्जतच्या पुलाच्या चढावर दादाने गिअर टाकला आणि गाडी हसत वर गेली. पुढे चौक गावाच्या रस्त्याला लागलो तसा त्याला राहवेना. "बगितलं? तिसऱ्यावर चढली. तिसऱ्यावर!" त्याने आरशात मला डोळा मारला. त्याची बायको शेजारी बसून घर सोडून चालली होती आणि तो खरोखर आनंदात होता. त्या गाडीत उंदराचा वास अजून होता, काचा उघड्या होत्या तरी. मी बाहेर तोंड काढून बसले.

लोधिवलीला तिच्या दारात गाडी थांबली. तिची आई अंगणात आली, बॅग पाहिली आणि काही न विचारता ती हातात घेतली. वहिनी उतरली. दादाने इंजिन चालूच ठेवलं होतं. काच खाली करून तो म्हणाला, "मंग, चार दिसांनी येऊ ना न्यायाला?"

"या," ती म्हणाली. "पन एस.टी.नं या. नायतर चालत या. गाडी घेऊन आलात तर दार उगडनार नाय."

"येडी हायेस काय? दारात गाडी असताना..."

ती आत गेली होती.

तिने पुढे चौक गावात खानावळ काढली, ती अजून आहे. मी त्या रस्त्याने गेले की तिथेच जेवते आणि आम्ही दोघी हे सगळं सोडून इतर सगळं बोलतो. माझ्या आईबाबांनी मरेपर्यंत सांगितलं, की पोरगी गर्विष्ठ निघाली, घरी बोलावूनही आली नाही. बोलावलं होतं, हे खरं आहे. दादा तिला न्यायला तीन वेळा लोधिवलीला गेला. तिन्ही वेळा गाडी धुऊन, पुसून, गाडी घेऊनच गेला.